‘योग’ म्हणावा केव्हा?

आपल्या संप्रदायातील मंडळींच्या तोंडी ‘योग’ हा शब्द दिवसातून किती वेळा येतो, याची मोजदाद कुणी केली नसेल. दर्शनबारीत दोन अनोळखी माणसे शेजारी उभी राहिली की पहिले वाक्य निघते, “यंदा योग आला बुवा.” दुसरा म्हणतो, “आमचा तीन वर्षं योगच नव्हता.” मुलीचे लग्न जमले, योग होता. जमता जमता फिसकटले, योग नव्हता. पेरणीला पाऊस वेळेवर आला, दिंडीत चुकामूक झालेला भाऊ पुढच्या तळावर आपोआप समोर आला, सगळीकडे योगच. या योगाचा पतंजलींच्या योगाशी किंवा गीतेतल्या कर्मयोगाशी कुणी संबंध लावीत नाही. इथे योग म्हणजे वेळेची गाठ, आणि ती गाठ वरून कुणीतरी मारली आहे अशी त्यामागची भावना.

आम्हीही हा शब्द असाच सढळ हाताने वापरीत आलो. कीर्तनकाराला तर तो फार सोयीचा. आज त्याविषयी लिहावयास बसलो ते एका प्रसंगामुळे. प्रसंग सांगताना आमची चूक सांगावी लागणार आहे. ती लपवून हे लिहिता येणार नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीची कार्तिकी. दशमीची सकाळ होती. वाळवंटात स्नानाची गर्दी उसळलेली. चंद्रभागेच्या पात्रातून वाळू उपसल्यामुळे जागोजाग खड्डे झालेले असतात, हे नेहमीच्या वारकऱ्यास ठाऊक आहे. वरून पाहता पाणी गुडघाभर दिसते, आणि पुढचे पाऊल पुरुषभर खोलात जाते. दोन निरनिराळ्या दिंड्यांतली दोन पोरे, आदल्या दिवशीच ओळख झालेली, खेळत खेळत तशा खड्ड्यात गेली. ओरडा झाला. जवळच एक होडीवाला होता. त्याने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली. एक पोर त्याच्या हाताला लागले. दुसरे लागले नाही. ते दुसऱ्या दिवशी, ऐन एकादशीला, खालच्या अंगाला सापडले.

वाचलेल्या पोराच्या बापाने होडीवाल्याचे पाय धरले. “देवासारखे धावून आलात हो,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आम्ही काठावर होतो. आमचे डोळे भरून आले.

पुढे वर्षभर गावोगावी कीर्तनात आम्ही हा प्रसंग दृष्टांत म्हणून सांगितला. ‘पाहा, एवढी मोठी नदी, एवढे मोठे वाळवंट, आणि नेमक्या त्या जागी, नेमक्या त्या घटकेला ती होडी! हा योग कुणी जुळवून आणला?’ असे विचारून आम्ही थांबत असू. मागचे टाळकरी काय ते समजून गजर करीत. बायका डोळ्यांना पदर लावीत. दृष्टांत चांगला उतरे. फक्त त्यात पोर एकच होते. दुसऱ्याला आम्ही कधी गाळले, ते आमचे आम्हांलाही कळले नाही. पायरीचा दगड पायांनी घासून गुळगुळीत व्हावा तसा दृष्टांत सांगून सांगून गुळगुळीत होतो. त्याचे कोपरे झडतात. त्या कोपऱ्यांबरोबर ते लेकरूही झडून गेले.

पुढल्या कार्तिकीला नवमीच्या रात्री पंढरीत एका राहुटीत आमचे कीर्तन होते. तिथेही हा दृष्टांत झाला. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली. एक बाई मागे राहिल्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, गळ्यात माळ. पाया पडल्या आणि खालच्याच आवाजात म्हणाल्या, “महाराज, पोरं दोन हुती.”

एवढेच. पुढे काही विचारले नाही. आमच्याजवळही काही उत्तर नव्हते. बाई निघून गेल्या. आम्ही मात्र त्या शब्दापाशी अडकलो ते अजून अडकलेलोच आहोत.

तेव्हा शब्द मुळापासून पाहू. योग म्हणजे जोडणे, जुळणे. पंचांगाची पाच अंगे आपणांस माहीत आहेत. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. त्यातला योग म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्या स्थानांच्या अंशांची बेरीज. ही बेरीज दर १३ अंश २० कलांनी पुढे सरकली की योग बदलतो. विष्कंभापासून वैधृतीपर्यंत असे २७ योग. यात कुणाच्या मर्जीचा भाग नाही. ज्योतिषी वर्षभर आधी गणित मांडतो आणि योग त्या घटकेला येतो. कुणी वाट पाहो न पाहो, तो येतो आणि जातो.

आता ‘कपिलाषष्ठीचा योग’ घ्या. फार दुर्मिळ संधीला आपण हे नाव देतो. बरेचदा थट्टेनेही देतो. शहरात राहिलेला भाऊ चार वर्षांनी गावी आला की वहिनी म्हणते, “आज कपिलाषष्ठीचा योग म्हणायचा!” हा योग कसा बनतो? भाद्रपद वद्य षष्ठी असावी, त्या दिवशी मंगळवार पडावा, चंद्र रोहिणीत असावा, सूर्य हस्तात असावा, आणि व्यतिपात योग असावा. मंगळवार दर आठवड्याला येतो. रोहिणी वर्षातून तेराएक वेळा येते, व्यतिपात चौदाएक वेळा. एकेकटे कुणीच दुर्मिळ नाही. सगळे एका दिवशी भेटणे दुर्मिळ. तो साठ वर्षांनी येतो अशी लोकांत समजूत आहे, म्हणजे माणसाच्या जन्मात एकदा, फार तर दोनदा.

यात आम्हांला एक गंमत वाटते. व्यतिपात हा एरवी शुभकार्याला वर्ज्य. लग्न-मुंजीचा मुहूर्त काढणारे भटजी व्यतिपात दिसला की पुढचे पान उलटतात. मंगळवारीही पुष्कळ लोक नवे काम धरीत नाहीत. आणि या दोघांवाचून कपिलाषष्ठी होत नाही! स्नानाला आणि दानाला तोच व्यतिपात मोठा पुण्याचा मानला आहे. म्हणजे वेळ चांगली की वाईट हे वेळेच्या अंगावर लिहिलेले नसते. त्या वेळेत तुम्ही काय करायला निघालात, यावर तिचे नाव ठरते. असो.

शब्दाची खरी ओळख त्याच्याशेजारी कोणते क्रियापद बसते त्यावरून पटते. योग ‘येतो’ म्हणतो तेव्हा करणारा आपण नसतो. योग ‘जुळतो’ तेव्हाही नसतो. मात्र योग ‘साधतो’ म्हटले की तिथे माणूस आला. पर्वणी साधावी लागते. पर्वणी आली आणि हा घरात झोपला, तर पर्वणीचे काय चुकले? ‘हुकला’ म्हटले तरी थोडा दोष आपल्याकडे येतो. आणि शेवटी ‘योग नव्हता.’ या रूपात दोष कुणाकडेच नाही. माणूस सुटला, देवही सुटला. आपण हेच रूप सर्वांत जास्त वापरतो, ही गोष्ट आम्हांला विचार करण्याजोगी वाटते.

‘योगायोग’ शब्द अलीकडे पुष्कळ रुळला आहे. त्यातून देव बहुधा वजा असतो. संस्कृतात काकतालीय न्याय म्हणतात, आपल्या आयाबाया म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. कावळ्याच्या भाराने फांदी मोडली नाही, फांदी मोडणार म्हणून कावळा आला नाही. दोन्ही आपापल्या वाटेने आली आणि एकत्र दिसली. शिकलेली मुले आम्हांला म्हणतात, महाराज, तुमचा योग म्हणजे हा कावळाच. दोन पोरे बुडाली, एक होडीच्या बाजूला होते, दुसरे नव्हते. बस्.

आम्ही त्या मुलांवर रागावत नाही. पण नुसत्या कावळ्यावर आमचे समाधान होत नाही. काठावर तो बाप होडीवाल्याचे पाय धरून रडत होता, त्याला जाऊन कुणी सांगावे की, ‘बाबा रे, उगा का रडतोस, कावळा बसला आणि फांदी मोडली’? त्याला कुणाचे तरी पाय धरायचे होते. त्याच्या अंगावर एवढे मोठे दान पडले होते, की ते नुसते खिशात घालून चालू लागणे त्याला शक्य नव्हते. माणसाला उपकार वाटला की तो देणाऱ्याला शोधतो. हे शोधणे खोटे आहे असे आम्हांला अजूनही वाटत नाही.

मग आमचे चुकले कुठे? त्या बापाचेच शब्द आम्ही वापरले. फक्त तोंड बदलले.

‘देवासारखे धावून आलात’ हे वाक्य मराठीत कोण कुणाला म्हणतो, ते पाहा. ज्याचे संकट टळले तो, ज्याने टाळले त्याला म्हणतो. ‘मी देवासारखा धावून गेलो’ असे कुणी म्हणत नाही, म्हटले तर चारचौघांत हसे होईल. आणि तिऱ्हाइताने लांबून म्हटले तर त्यात ओल राहत नाही. हे वाक्य घेणाऱ्याच्या तोंडीच शोभते. ‘योग’ शब्दाचेही तसेच असावे, असे आता आमचे मत झाले आहे. ‘माझ्यावर देवाची कृपा झाली, योग आला’ असे ज्याच्यावर झाली त्याने म्हणावे. ते उपकार मानणे झाले. पण आमच्यासारख्या तिसऱ्या माणसाने तेच उचलून ‘बघा, याच्यावर कृपा झाली’ असे जगाला दाखवायला सुरुवात केली, की उपकार मानणे संपते आणि खतावणी सुरू होते. एकाच्या नावे जमा लिहिले की शेजारच्या पानावर दुसऱ्याच्या नावे आपोआप खर्ची पडते. आम्ही जमेचे पान वाचून दाखवीत होतो. दुसरे पान त्या बाईंच्या हातात होते.

वेळेवर धावून येणे हीच जर कृपेची खूण असेल, तर आपल्याच संतांची चरित्रे आपल्याला वाचता येणार नाहीत. मंगळवेढ्याचेच उदाहरण घ्या. पंढरीहून ते गाव लांब नाही, अनेकांनी वारीला जोडून पाहिले असेल. दामाजीपंत तिथले. बिदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात सरकारी अंबारे त्यांनी भुकेल्यांना खुली केली, बादशहाचा कोप झाला, आणि पंत शिक्षेला सामोरे जात असता विठू महाराचे रूप घेऊन पांडुरंग बिदरच्या दरबारी पोचला आणि धान्याचे सारे पैसे भरून पावती घेऊन आला. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ऐन घटकेला देव धावला. योग म्हणावा तर याला.

त्याच मंगळवेढ्यात त्याआधी १३३८ साली गावकुसाचे काम चालू असताना भिंत ढासळली. खाली मजूर गाडले गेले. त्यात चोखोबा होते. हाच पांडुरंग, तेच गाव. विठू महाराच्या रूपात पुढे जो दरबारापर्यंत चालत गेला, तो चोखा महाराच्या अंगावर कोसळणारी भिंत धरायला आला नाही. म्हणून चोखोबांची भक्ती दामाजीपंतांपेक्षा तसूभर कमी होती, असे सातशे वर्षांत एका तरी वारकऱ्याने म्हटले आहे काय? कुणाच्या मनातही आले नाही. म्हणजे आपला संप्रदाय मनातून जाणतो, की वाचणे ही कृपेची पावती नव्हे आणि न वाचणे हा कोपाचा शिक्का नव्हे. फक्त कीर्तनात टाळी हवी असली की आम्ही ते विसरतो.

दामाजींच्या कथेतही आणखी एक गोष्ट राहून जाते. देव दामाजीसाठी धावला, ते खरेच. पण त्याआधी भुकेल्यांसाठी कोण धावले होते? दामाजी. कोठाराला टाळा होता, किल्ली हातात होती, आणि वरिष्ठांची परवानगी यायला वेळ लागला असता. ते परवानगीच्या योगाची वाट पाहत बसले असते, तर पुढची कथा घडायलाच नको होती.

चोखोबांविषयी लिहिता लिहिता दुसरेही आठवते. जिवंतपणी त्यांना देवळात पाऊल टाकता आले नाही. त्यांच्या जातभाईंना ते टाकता यावे यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरीत प्राणांतिक उपोषण करावे लागले, तेव्हा दार उघडले. मध्ये सहाशे वर्षे गेली. या सहाशे वर्षांत ‘काळ यावा लागतो, योग यावा लागतो’ असे म्हणणारी भली माणसे किती झाली असतील! पण त्या दाराला देवाने कडी घातलेली नव्हती. घातली माणसांनी आणि काढली माणसांनी. अशा ठिकाणी ‘योग नव्हता’ म्हणणे म्हणजे माणसाची कडी देवाच्या हाती देणे होय. आमच्या मते या शब्दाचा याहून वाईट उपयोग नाही.

तर मग वारकऱ्याने योगाकडे पाहावे तरी कसे? आमची आजी वारकरीण होती. ‘वारीचा योग आला’ असे ती कधी म्हणत नसे. ती म्हणे, “एकादशीला जायचंय.” जसे भाकरी करायची आहे, गाईला पाणी दाखवायचे आहे, तसे. आणि एखाद्या साली नाहीच जाता आले, तर ‘योग नव्हता’ म्हणत नसे. म्हणे, “यंदा वारी चुकली.” योग ‘नव्हता’ आणि वारी ‘चुकली’ यांत केवढे अंतर आहे! आजी ते ‘चुकली’ आपल्या पदरात घेई. पुढल्या वर्षी दोन दिवस आधीच गाठोडे बांधून ठेवी.

आपल्याकडे योगाहून मोठा शब्द आहे, तो नेम. आषाढी ठरलेली, कार्तिकी ठरलेली, माघी-चैत्री ठरलेल्या. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. त्यासाठी कुणी शुभ-अशुभ पाहत नाही. वार कोणता, नक्षत्र कोणते, व्यतिपात आहे की काय, कुणी विचारीत नाही. आणि नामाला तर काळवेळेचे बंधनच नाही, हे ज्ञानोबारायांनी हरिपाठात सांगून ठेवलेच आहे. योगाची वाट पाहणे आपल्या मार्गात मुळातच कमी.

पुंडलिकाचे पाहा ना. साक्षात परब्रह्म दारात आले. कपिलाषष्ठी साठ वर्षांनी म्हणतात, हा योग किती युगांनी म्हणायचा? आणि पुंडलिक आईबापांची सेवा सोडून उठला नाही. वीट फेकली आणि म्हणाला, थांब. आमच्यासारख्याने धांदरटपणा करून आईच्या हातातला तांब्या सांडला असता आणि दाराकडे धाव घेतली असती, योग हुकेल म्हणून. पुंडलिकाला योग हुकण्याची भीती नव्हती. नेम मोडण्याची होती. आणि देव काही रागावून निघून गेला नाही. विटेवर उभा राहिला तो राहिलाच. ग्रहांचा योग घटका भरली की पुढे सरकतो. हा सरकत नाही. एवढ्या एका फरकावर पंढरीची सारी वाट उभी आहे, असे आम्हांस वाटते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे लिहिणे कुणाला तरी लागेल. घरात आजारी सासू आहे, ऊसतोडीची उचल घेतलेली आहे, मालक सुट्टी देत नाही. अशा माणसाला ‘तुझा नेम चुकला’ म्हणणारा वारकरी नव्हे. त्याच्याकडे पाहून आपण ‘योग नव्हता रे बाबा, पुढच्या साली जाऊ’ म्हणतो, ते दुसऱ्याच्या दुःखावर घातलेले पांघरूण असते. ते घालावेच. २०२० साली तर महामारीमुळे पायी वारीच निघाली नाही. पादुका एसटीच्या बसमधून पंढरीला गेल्या आणि १ जुलैची आषाढी आपण सर्वांनी घरी केली. २०२१ लाही तसेच झाले. २०२२ साली पुन्हा पायी निघालो. त्या दोन वर्षांना ‘वारी चुकली’ कसे म्हणावे? तेव्हा ‘योग नव्हता’ हेच शब्द बरोबर होते. दुसऱ्याला धीर देताना हा शब्द औषध आहे. तोच स्वतःच्या आळसावर लावला की विष, आणि दुसऱ्याच्या मरणावर लावला की त्याहून जालीम.

आता त्या होडीवाल्याकडे वळतो. बाईंनी ते वाक्य सांगितले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घाटावर त्याला शोधून काढले. वर्षभर त्याची गोष्ट सांगत होतो आणि त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो! तो होडीतले पाणी डब्याने उपसत होता. आम्ही म्हटले, “त्या दिवशी तुम्ही नेमके तिथे होतात, मोठा योग.”

त्याने मान वर केली. म्हणाला, “योग कसला महाराज? म्या रोज हितंच असतो. पहाटं होडी सोडतो, रात्री बांधतो. बापबी हितंच असायचा.”

आम्ही गप्प बसलो. तोच पुढे म्हणाला, “योक पोरगं दिसलं, धरलं. दुसरं दिसलं न्हाई. धा येळा बुडी मारली.” मग डबा खाली ठेवून आपल्या हाताकडे बघत म्हणाला, “कपडा हाताला लागलावता. सुटला.”

ही गोष्ट आम्हांला माहीत नव्हती. ती कुणालाच माहीत नसावी. आम्ही ज्याला योग म्हणून मिरवीत होतो, तो त्याच्या लेखी रोजचा धंदा होता. आणि ज्याला आम्ही दृष्टांतातून गाळले, ते त्याच्या हातात वर्षभर अडकून राहिले होते. वाचलेल्या पोराच्या बापाच्या बाजूने पाहिले तर तो देवासारखा आला. त्याच्या स्वतःच्या बाजूने पाहिले तर तो फक्त जागेवर होता, आणि एक कपडा सुटला. दोन्ही खरे आहे. आम्हांला एकात दुसरे मिसळून गोड करता येत नाही.

कुणी विचारील, मग देवाने दुसऱ्या पोराला का वाचवले नाही? आम्हांला ठाऊक नाही. पूर्वी आम्ही उत्तर दिले असते. प्रारब्ध म्हटले असते, संचित म्हटले असते. शास्त्रात ते शब्द आहेत, आणि ते खोटे आहेत असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. पण आईच्या तोंडावर ते म्हणण्याचाही आमचा अधिकार नाही, हे आता कळते. आपले प्रारब्ध आपण म्हणावे. दुसऱ्याचे म्हणू नये.

चोखोबा गेल्यावर नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. भिंत पडण्याआधी ते पोचले नव्हते. उशिराच पोचले. ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधल्या, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, पंढरीला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. आपण आजही आत जाताना तिथे वाकतो. नामदेवरायांनी ‘माझा योग चुकला, आता जाऊन काय उपयोग’ असे म्हटले नाही. वेळ टळल्यावरही जे करायचे उरते, ते करायला ते चालत गेले.

हल्ली आम्ही तो प्रसंग कीर्तनात सांगतो तेव्हा दोन्ही पोरे सांगतो. दृष्टांत आता तितका उतरत नाही. टाळकऱ्यांना गजर कुठे घ्यावा ते कळत नाही. एकदा एका गावच्या पुढाऱ्याने बाजूला घेऊन सांगितलेसुद्धा, “महाराज, शेवट जरा गोड करा.” आम्ही म्हटले, तो आमच्या हातात नाही.

बाई दर कार्तिकीला येतात. दोन-तीन वर्षांनी थोडे बोलू लागल्या. त्यांच्याकडूनच कळले, की एकादशीला पोर सापडल्याचा निरोप आला तेव्हा त्यांच्यासोबत नदीच्या खालच्या अंगापर्यंत तो होडीवाला आणि दिंडीतल्या दोघी बाया चालत गेल्या होत्या. त्यांतल्या एकीने आपले लुगडे पोरावर पांघरले. त्या तिघांना दिवसभर पाण्याचा थेंब नव्हता, आणि निर्जळी धरावी असे त्यांच्या मनातही नव्हते.

आम्हांला वाटले, विचारावे, तुम्हांला त्या दिवशी आम्ही दिसलो होतो का. विचारले नाही. त्या दुपारी वाळवंटात आमचे कीर्तन होते.